मुंजाबाचं भ्या

मुंजाबाला हसणाऱ्यांनी आधी नीट ऐकून घ्यावं. माणूस भेकड नव्हता. खुलताबादच्या डोंगरात नुसती काठी घेऊन लांडग्यामागं धावलेला गडी तो! पण दोन वर्षांमागं त्याचा थोरला भाऊ कडूबा जेवता जेवता ताटावरच गेला, आणि तेव्हापासून मुंजाबाच्या जिवाला घोर लागला.

मेंढरू खंगलं की जबड्याखाली सूज येते. ती चाचपून बघायची धनगराच्या हाताला सवयच. मुंजाबा तसा स्वतःलाच चाचपू लागला. तोंड धुताना, घास गिळताना, बोलता बोलता. एक दिवस मानेत, जबड्याखाली, बोटाला गाठ लागली. झालं! आता आपलाबी कडूबा होणार. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काय खोटं नाय. औरंगाबादचे तीन दवाखाने झाले, रक्त झालं, फोटू झाले. सगळं साफ. तरी हा दवाखान्यापासून लांब जाईना. दिवाळीनंतर चार महिने मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचं, ते दोन वर्षं त्याच्या बायकोनं, बानाबाईनं, एकटीनं निभावलं. यंदा तिनं साफ सांगितलं, "तुमी येत नसाल तर कळप इकते. माझ्या एकटीनं आता होत नाय."

चौथ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारले आणि विचारलं, "दिवसातून कितीदा दाबता?"

"शंभरदा आसंल."

"मग काय होईल?"

"कोणतंबी जित्राब शंभरदा दाबलं तर सुजंलच की," तो बोलून गेला. मग एकदम उसळला, "म्हंजी मी नाटकं करतो व्हय?"

"नाही. गाठ साधी आहे, भीती मात्र खरी आहे. तिच्यावरही इलाज असतो. मानेला हात लावायचा नाही, नवी तपासणी करायची नाही, आणि दर सोमवारी मला फोन करायचा."

सांगायला सोपं! पहिले चार दिवस मुंजाबानं हात काखेत दाबून काढले. पाचव्या दिवशी कळप निघाला. वेशीवर बानाबाईचा भाऊ मल्हारी दात काढत उभा होता. "काय दाजी, गाठ संगं घेतली का दवाखान्यात ठिवली?"

मुंजाबा थांबला. "भ्या वाटतंय मला. आत्ताबी वाटतंय. तरी चाललो. तू माझं भ्या पोटात घेऊन एक दिवस मेंढरामागं चालून दाखव, मग हास!"

मल्हारी वाटेतून बाजूला सरला.

गाव मागं पडलं. पुढं चाललेली बानाबाई वळून न बघताच म्हणाली, "मलाबी वाटतंय. थोरल्या भावजींवाणी तुमीबी जाताल म्हणून, दोन वर्षं. पण घरात तुमच्याच भ्याला जागा पुरंना, माझं कुठं सांगू?"

मुंजाबानं लांब ढांगा टाकून तिला गाठलं.

"आता सांग," तो म्हणाला. "चार महिने हायत."