पहिली मात्रा रिकामी

फ्लोराबाई नवगावकर दार वाजवीत ते पाच आघातांत, आणि त्यांतले तीनच स्वतः वाजवीत. उरलेले दोन आतल्या माणसाने वाजवायचे, असा त्यांचा नियम होता. आतून उत्तर येईपर्यंत, पाऊस असो वा बोचरा वारा, त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहत. ब्रिस्टलच्या एका कौन्सिल इस्टेटीत, म्हणजे नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांच्या वसाहतीत, कम्युनिटी सेंटरवर मी त्यांच्या वर्गाला मदतनीस म्हणून आलो होतो. पहिल्या दिवशी दार मी सभ्यपणे उघडले, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या, ट्रॅकसूट घातलेल्या त्या ठेंगण्या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले.

"तूच ना तो पुण्याचा तबलेवाला? दार उघडायला कोणी सांगितलं? उत्तर दे आधी."

मी दार पुन्हा लावून घेतले आणि उत्तर दिले. ते चुकले. त्यांनी मला तीनदा वाजवायला लावले, मगच त्या आत आल्या.

बाई मूळच्या मुंबईच्या, बेने इस्रायली. वडील समाजाच्या मराठी कीर्तनांत झांज वाजवीत, त्यामुळे ठेका त्यांच्या अंगात लहानपणीच मुरलेला. नर्स म्हणून त्या लीड्सला आल्या. तिथल्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका कोलंबियन मैत्रिणीने त्यांना जेवणाच्या सुट्टीत, उलट्या ठेवलेल्या पातेल्यांवर, आपल्या देशात घरोघर वाजणारे साल्सा हे नाचाचे संगीत शिकवले. निवृत्त होऊन ब्रिस्टलला आल्यावर त्यांनी पाहिले, की इस्टेटीतल्या मुलांच्या शाळेत संगीताचा तास उरलेलाच नाही. मग त्यांनी चार जुने कोंगा, म्हणजे हातांनी वाजवायचे उंच ढोल, मिळवले, बाकीच्यांना रंगाच्या रिकाम्या बादल्या दिल्या आणि दर शनिवारी सकाळी वर्ग सुरू केला. मराठी शाळेतल्यासारखे त्या स्वतःला 'बाई' म्हणवून घेत. सोमाली, जमेकन, पोलिश, गोरी, सगळी मुले त्यांना बिनदिक्कत 'बाई' म्हणत.

नव्या मुलाला त्या बादलीसुद्धा देत नसत. आधी क्लावे. क्लावे म्हणजे दोन आखूड लाकडी दांडक्या आणि त्यांवर वाजणारा पाच आघातांचा ठेका: एका अंगाला तीन, दुसऱ्या अंगाला दोन. सगळा वाद्यवृंद त्या पाच आघातांवर तोललेला असतो. काही गाणी तीनाच्या अंगाने सुरू होतात, काही दोनाच्या. तीनाच्या अंगात पहिल्याच मात्रेवर आघात असतो. दोनाच्या अंगात मात्र पहिली मात्रा रिकामी. "ती रिकामी जागा भरू नकोस रे," बाई मला बजावीत, "नाचणाऱ्याचा पाय तिथे टेकतो. तू तिथे बसलास, तर त्यानं कुठे टेकावा?" मुलाला क्लावे जमला, की बाई घरून मलिदा आणीत. गोड पोहे, वर ओले खोबरे, वेलची आणि केळ्याचे काप. तो खाल्ला, की मूल ढोलाला बसायला मोकळे.

अकरा वर्षे तबला शिकलेल्या मला हे सारे ठाऊक होते, म्हणजे डोक्याला ठाऊक होते. हात मात्र समेवर, पहिल्या मात्रेवर, पडल्यावाचून राहत नसे. वर्गात शिरलो, की बाई मोठ्याने म्हणत, "या, समेचे मालक!" मुलांना शब्द कळत नसत, पण ती हसत. मीही हसे. ते हसणे मनापासूनचे नव्हते, हे मला आज कबूल केले पाहिजे. विमानांच्या कारखान्यात माझ्या हाताखाली तीस माणसे होती, आणि इथे मी बादल्या रचीत होतो.

वर्गात अयान नावाची दहा वर्षांची एक सोमाली मुलगी होती. ती शाळेत जवळजवळ बोलत नसे. तिच्या आईने सांगितले होते, की घरीही ती नेमके तेवढेच बोलते. बाईंनी तिला कधी बोलायला लावले नाही. "तोंडाची घाई कशाला? हात बोलतात तिचे." आणि खरोखर, अयानच्या हातांत क्लावे इतका स्वच्छ वाजे, की मोठी मुले चुकली, की तिच्याकडे पाहत.

उन्हाळ्यात इस्टेटीची जत्रा होती. आमचा पहिला जाहीर कार्यक्रम. बाई समोर उभ्या राहून मुलांना इशारे देत होत्या, अयान क्लावेवर होती, आणि मी तिच्या शेजारी, नुसता आधार म्हणून. दुसरे गाणे दोनाच्या अंगाने सुरू होणारे होते. पहिली मात्रा आली, आणि अयानच्या दांडक्या गप्प. मला वाटले, पोर घाबरली. क्षणाचाही विचार न करता मी तिच्या हातांतून दांडक्या घेतल्या आणि दणक्यात समेवर तीनाचे अंग सुरू केले.

चार ओळींत सगळे विस्कटले. कोंगावाली मुले एका बाजूला, बादलीवाली दुसऱ्या बाजूला. गाणे लंगडत लंगडत थांबले. बाईंनी टाळ्या वाजवून ते पुन्हा उभे केले, लोकांनीही उदारपणे दाद दिली. कार्यक्रमानंतर मी अयानच्या खांद्यावर थोपटून म्हणालो, "इट्स ओके, अयान. सुरुवातीला सगळेच घाबरतात." तिने माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिले, आणि मान हलवली.

त्याच संध्याकाळी एका पालकाने पाठवलेले चित्रण मी फोनवर पाहिले. अयानने चूक केलीच नव्हती. ती रिकामी मात्रा रिकामी ठेवीत होती. तिची ती शांतता हाच ठेका होता, आणि मी तिला भीती समजलो.

पुढच्या शनिवारी अयान आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "बरं नसेल," असे मी मुलांना सांगितले. तीन आठवडे मी हे वाक्य निरनिराळ्या तऱ्हांनी बोललो. तिसऱ्या शनिवारी सगळे गेल्यावर बादल्या रचता रचता मी बाईंना खरे सांगायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवले.

"मला ठाऊक आहे. समोरच उभी होते की. पहिल्या आघाताला कळलं."

"मग बोलला का नाहीत, बाई?"

"मी बोलले असते, तर तू माझ्या धाकानं गेला असतास. आता तुझ्या पायानं जाशील. आणि मला काय सांगतोस? दांडक्या माझ्या घेतल्या होत्यास?"

अयानचे घर चौथ्या मजल्यावर होते. तिच्या आईने दार उघडले, चहा विचारला. अयान सोफ्याच्या टोकावर बसली होती. मी उभ्यानेच म्हणालो, "तू बरोबर होतीस. मी चुकलो. आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं."

तिने विचारले, "सेम डे?"

"हो."

"मग तुम्ही मला का सांगितलं, की मी घाबरले?"

"कारण मी मोठा माणूस आहे," मी म्हणालो, "आणि मला चुकलेलं दिसायचं नव्हतं."

तिने यावर विचार केला. "मग तिथे सांगा. सगळ्यांसमोर."

शनिवारी मी सांगितले. बावीस मुले, काही पालक, आणि दाराशी कोट घालून उभी असलेली अयान. मुलांनी ते माझ्या अपेक्षेपेक्षा फार सहज घेतले, एका मुलाने तर विचारले, "मग तुम्हाला बाई पुन्हा पहिल्यापासून शिकवणार?" बाई म्हणाल्या, "मी नाही. ती शिकवेल." अयानने कोट काढला, दांडक्या माझ्या हातांत दिल्या आणि माझे मनगट धरले. पहिली मात्रा आली, की ती मनगट दाबून ठेवी. मला क्लावे यायला तो सबंध हिवाळा लागला. बाईंनी माझ्यासाठीही मलिदा आणला, आणि तो वाटला अयानने.

त्यानंतर चारेक वर्षांनी, या जानेवारीत, फ्लोराबाई गेल्या. शेवटच्या आठवड्यांत मी हॉस्पिटलमध्ये गेलो, की त्या पलंगाच्या कडेवर तीन वाजवीत आणि माझी वाट पाहत. एकदा माझे डोळे भरून आल्यामुळे उत्तर राहिले, तर म्हणाल्या, "रड की. पण ठेका सोडून कशाला रडतोस?" दफनाला त्यांची मुलगी लीड्सहून आली होती. इस्टेटीतली मुलेही आली. त्यांतली काही आता माझ्यापेक्षा उंच आहेत.

त्यानंतरच्या शनिवारी मी सेंटर उघडून बादल्या मांडल्या. वर्ग चालेल की नाही, हे मी कोणाला विचारले नव्हते. मला कोणी विचारलेही नव्हते. दहाच्या सुमारास बाहेर पावले वाजत आली, थांबली, आणि मग दारावर थाप पडली. तीन नव्हे, दोन. त्याआधी एक मात्रा रिकामी गेली होती, हे मला नंतर नव्हे, त्याच क्षणी कळले.

मी दार उघडले नाही. जागच्या जागी, समोरच्या बादलीवर, माझ्या वाट्याचे तीन वाजवले.

"बरोबर," बाहेरून पंधरा वर्षांच्या अयानचा आवाज आला. तिच्यामागे नव्या मुलांचा गलका होता. "आता उघडा."