टिळकवाडी की वडगाव

पाळी गावात बेळगाव ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. मात्र प्रत्येकाचं बेळगाव वेगळं. कोणाला ते इस्पितळाच्या व्हरांड्यातून ठाऊक, कोणाला शहापूरच्या साडीच्या दुकानातल्या गादीवरून. तिसऱ्या कारणासाठी, म्हणजे शिक्षणासाठी, गेलेले बहुतेक परत आले नव्हते, त्यामुळे त्यांचं बेळगाव कसं होतं हे विचारायची सोय नव्हती.

म्हणून सगुण गावस पोरीला भेटायला बेळगावला निघालाय आणि तिथं उतरायचं कुठं हे त्याचं ठरत नाही, अशी बातमी तिठ्यावर पोचली तेव्हा चहाच्या गाड्यावर सगळ्यांनाच काहीतरी सांगायचं होतं.

"कॅम्पात रव," एकजण म्हणाला. "झाडां किती, हवा किती!" ही हवा त्याने मेव्हण्याच्या ऑपरेशनच्या वेळी खिडकीतून घेतली होती.

"बसस्टँडाच्या समोर रव," दुसरा म्हणाला. "मन विटला तर गाडी पकडूक बरा."

"अरे, पण तो राहायला चाललोसा, पळान येवक न्हय."

"पोरगी सोडली तर बेळगावात सगुणाचा कोण? दोन दिसांत विटतलो."

सगुणने उंडा पाव चहात बुडवला आणि सगळ्यांना हो म्हटलं. कॅम्पला हो, बसस्टँडला हो. त्याच्या तोंडून नाही असा शब्द गावाने ऐकलेला नव्हता. आणि हो म्हटलेलं त्याने केलं असंही कोणी पाहिलेलं नव्हतं.

खरं म्हणजे प्रश्न दोनच ठिकाणांचा होता, आणि त्यातलं एक पोरीने स्वतः सांगितलं होतं. समीक्षा टिळकवाडीत चार मुलींबरोबर खोली घेऊन राहत होती. एम.एस्सी. संपत आलं होतं. तिने फोन केला तो बाबा बालरथ, म्हणजे शाळेची बस, धुवायला एकटा नेतो त्या वेळेला, मुद्दाम.

"बाबा, तू आणि आई एकदा येऊन जा. सोमवारच्या आधी. माका तुझ्याशी बोलायचंय."

"बोल मगे आता."

"फोनवर नाय. आणि ऐक, टिळकवाडीतच लॉज घे. माझ्या खोलीपासून जवळ आसा. वडगावला मावशीकडे उतरू नको. तिकडे बोलता येत नाय."

"बरां," सगुण म्हणाला.

काय बोलायचंय हे त्याला माहीत होतं. हैदराबादच्या एका औषध कंपनीने तिला प्रयोगशाळेत घेतलं होतं, सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. आणि केरीच्या रुद्रेशच्या घरच्यांनाही हो-नाही कळवायचं होतं. त्यांचं घर किनाऱ्याजवळ, वर चार खोल्या पर्यटकांना, खाली स्वतःचा संसार. मुलगा वाईट नव्हता. पत्रिका जमली होती, कौलही उजवा पडला होता. उरली होती फक्त समीक्षा.

टिळकवाडीत उतरलो तर पोरगी समोर बसवून विचारणार. वडगावला उतरलो तर बायकोची, म्हणजे सुमंगलाची, मावसबहीण भाग्यलक्ष्मी, तिचा नवरा, तिचे माग आणि तिच्या शेजारणी, एवढी माणसं मध्ये असणार. शिवाय वडगाव सोडून लॉजात राहिलो हे भाग्यलक्ष्मीला कळलं तर पुढच्या तीन लग्नांत ती ते बोलून दाखवणार. अशा वेळी सगुण जे नेहमी करी तेच त्याने केलं. तो आंघोळ करून देवळात गेला.

कौल घेणं हे आमच्या भागात नवं नाही. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना भिजवलेल्या पाकळ्या लावतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. लग्न, घराचा पाया, विहीर, एवढ्यासाठी सगळेच घेतात. सगुण बाकीच्यासाठीही घेई. त्याच्या बापालाही ती सवय होती; कोणाकडे बापाकडून मधुमेह येतो, त्याच्याकडे हे आलं. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रक घेऊ का, म्हणून त्याने विचारलं होतं. उजवी पाकळी तडक पडली. ट्रक आला, त्याच्या काचेवर देवाचं नाव आलं, आणि थोड्याच दिवसांत खाणी बंद झाल्या. ट्रक अंगणात फणसाखाली उभा राहून कोंबड्यांच्या उपयोगी पडला. शेवटी भंगारात गेला आणि सगुण शाळेची पोरं नेणारा बालरथ चालवू लागला. देवाला त्याने दोष दिला नाही.

"देवान घे म्हटल्यान," सुमंगला म्हणायची. "चलतलो म्हणान खंय म्हटल्यान?"

ती हे चेष्टेने म्हणे की श्रद्धेने, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही सगुणला कळलं नव्हतं. एक गोष्ट मात्र त्याला पक्की कळली होती. स्वतः ठरवलं असतं तर त्या ट्रकाखाली तो आयुष्यभर दबून राहिला असता. देवाने ठरवलं, म्हणून तो नुसता दरिद्री झाला.

रामचंद्र गुरवाने प्रश्न ऐकून कपाळाला हात लावला.

"सगुणा, देवाक टिळकवाडी खंयची कळतली? आणि लॉज? लॉजाचां नाव देवासमोर घेवचां न्हय. सोयऱ्याधायऱ्यांचां घे."

मग गाऱ्हाणं असं झालं की, बा देवा, हे तुझं लेकरू परमुलखात जातंय, तर सोयऱ्यांच्या घरी वडगावात उतरलं तर बरं होईल ना, होत असेल तर उजवी दे. एवढ्या गोड शब्दांत विचारल्यावर नाही कोण म्हणेल? शिवाय गुरवाला चहाची घाई होती आणि उजवीकडची पाकळी त्याने जेमतेम टेकवली होती. हे सगुणने पाहिलं. ट्रक चालवणाऱ्याची नजर, आरशातलंही दिसतं. पण त्याने मान खाली घातली आणि पाकळी पडेपर्यंत वर केली नाही.

वडगाव ठरलं.

चोर्ल्याचा घाट चढून गाडी बेळगावात शिरली तेव्हा सुमंगलाने पदराच्या आडून मोबाईल काढून रुद्रेशचा फोटो पुन्हा एकदा पाहिला. सगुण खिडकीबाहेर पाहत होता. रेल्वेच्या तिसऱ्या गेटच्या अलीकडे एका पाटीवर टिळकवाडी असं वाचलं आणि त्याने मान आत घेतली.

भाग्यलक्ष्मीच्या घरात तळमजल्यावर चार माग. सकाळपासून खटखट सुरू झाली की भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा थरथरायचं. तिथली माणसं एकमेकांशी बोलत नसत, ओरडत असत, आणि त्यामुळे त्यांचा प्रेमळपणा लांबूनही ऐकू येई.

"या की हो दाजी! अक्का, वाळलीस की गं! लॉजात बिजात उतरणार काय काय म्हणत होती तुमची समीक्षा. मी म्हटलं, दाजी तसले न्हाईत."

"नाय नाय," सगुण म्हणाला. "लॉजात कित्याक?"

संध्याकाळी समीक्षा रिक्षाने आली. दारात चप्पल काढताना तिने बापाकडे पाहिलं. रागाने नाही, गाडी चुकलेला माणूस रिकाम्या फलाटाकडे बघतो तसं. मग तिने वाकून सगळ्यांना नमस्कार केला.

शेजारच्या दोघी आल्या होत्या. चहा झाला, कुंदा झाला. सुमंगलाने मोबाईल पुढे केला आणि रुद्रेश हातोहात फिरू लागला.

"समुद्राकाठचं घर म्हंजे काय हो! सगळी दुनिया पैसे देऊन बघायला जातीय."

"हिला फुकट."

"तसा फुकट न्हय हां," सुमंगला म्हणाली. "सीझनात काम आसतां. पण आपल्याच घरचां."

"वरच्या खोल्यांच्या चादरी कोण धुतं?" समीक्षाने विचारलं.

एका शेजारणीने कुंद्याची बशी पुढे सरकवली. मागांच्या आवाजात ते ऐकू गेलं नसणं शक्य होतं.

"बाबा, जरा बाहेर जाऊया?"

"आत्ता कुठं गं? जेवून जा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "दाजी दमून आल्यात."

सगुण दमला नव्हता. पण दमलोय म्हणून कोणी सांगितलं की त्याला दमल्यासारखं वाटे. तो उठला नाही. तेव्हा समीक्षाच उठली, हात धुवायला म्हणून मागच्या बाजूला गेली, आणि तिथून तिने हाक मारली, "बाबा, नळ बंद होत नाय बघ." नळ चांगला बंद होता. मागांच्या खोलीची खिडकी तिथेच उघडत होती आणि आवाज अंगावर येत होता.

"ऐक," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "सोमवारी माका कळवायचंय. हैदराबादला जाऊ, की केरीचं हो म्हणू? तू जा म्हटलंस तर मी जाईन, आई रडली तरी जाईन. तू राहा म्हटलंस तर राहीन, तक्रार करणार नाय. शिव्या दे हवं तर. पण तू सांग. देवळात जाऊ नको. माका तुझं मत हवंय."

सगुणने मागांच्या दिशेला बघितलं. कानावर हात ठेवला. "काय? आयकाक येना गे."

तीस टनांच्या ट्रकचं इंजिन चालू असताना क्लीनर मागून काय म्हणतो ते ज्याला ऐकू यायचं, त्या माणसाला एकेक शब्द ऐकू आला होता. आणि उत्तरही तयार होतं. केरीला मुलगा बघायला गेले तेव्हा त्याने रुद्रेशच्या आईकडे पाहिलं होतं. परदेशी पाहुण्यांसमोर ती ताट ठेवत होती आणि ठेवल्यावर भिंतीला पाठ लावून उभी राहत होती, पुढचं काही मागतील म्हणून. समीक्षाने तसं उभं राहावं असं त्याला वाटलं नव्हतं. जा, असं एक अक्षर. पण उद्या हैदराबादला तिचं काही वाईट झालं, तर तू पाठवलंस म्हणून सुमंगला म्हणणार, गाव म्हणणार. त्या वेळी बोट दाखवायला त्याच्यामागे कोणी नसणार.

समीक्षाने पुन्हा विचारलं, इतक्या मोठ्याने, की मागावरच्या कामगाराने खिडकीतून डोकावून पाहिलं.

"बघूया," सगुण म्हणाला. "विचारून सांगतंय."

"कोणाला विचारून?"

त्याने बंद नळ पुन्हा आवळला. तिने नळ उगाच सोडला, हात धुतले, आणि म्हणाली, "बरां."

जेवून ती गेली. जाताना रुद्रेशचा फोटो तिने नीट पाहिला, हे सुमंगलाच्या नजरेतून सुटलं नाही, आणि ती त्या रात्री समाधानाने झोपली.

सगुण झोपला नाही. सकाळी चहाआधी तो उठून चालू लागला. वडगावातून टिळकवाडी फार लांब नाही, पण विचारत विचारत गेल्यामुळे लांब पडली. कोणी सरळ जा म्हणालं, कोणी उजवीकडे. त्याने पहिल्यांदाच दोघांचंही न ऐकता आपल्या मनाने वळण घेतलं, आणि ते बरोबर निघालं. त्याला हसू आलं. तोंडातल्या तोंडात तो शब्द घोळवत होता: जा. जा गे. तू जा, आईक मी बघतंय.

रस्त्यांवर मोठी झाडं होती. झेरॉक्सची दुकानं उघडत होती, खानावळींसमोर ओल्या केसांच्या मुली पोह्यांची वाट पाहत उभ्या होत्या. लॉजही दिसला, साधाच, दाराशी तुळस ठेवलेला.

समीक्षा हाक ऐकून खाली आली. डोळे सुजलेले, पण तोंड धुतलेलं.

"एकटोच आयलंस? आई खंय?"

"न्हिदल्या. म्हटलां, चलान येवया." त्याने श्वास घेतला. "तुका सांगूक..."

"बाबा, मी काल रातीच हैदराबादला नाय म्हणून कळवलं," ती म्हणाली. "त्यांनी लगेच उत्तर पाठवलं, जागा दुसरीला दिली. आणि आईला मेसेज केलाय. केरीचं हो म्हणून. उठली की वाचेल." मग तिने विचारलं, "तू काय सांगणार होतास?"

रस्त्यावरून एक पाववाला सायकलवर हॉर्न वाजवत गेला. तो लांब जाईपर्यंत सगुणने वाट पाहिली, जणू त्याच्यामुळेच बोलता येत नव्हतं.

"काय नाय," तो म्हणाला. "केरीच्या लोकांक फोन कधी करूया, ता विचारूक आयलंय."

"असं." ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, अजून काही येतंय का म्हणून. "आईला विचार. नायतर कौल लाव."

ती टोमणा मारत नव्हती, हेच वाईट होतं. तिने कोपऱ्यावरच्या गाडीवर दोन चहा सांगितले आणि बापाला हा रस्ता कॉलेजला जातो, तो स्टेशनला जातो, असं दाखवू लागली. पाहुण्याला दाखवतात तसं. सगुण प्रत्येक रस्त्याकडे मान वळवून बघत होता.

"बरी आसा गे जागा," तो म्हणाला. "शांत आसा."

"हो," समीक्षा म्हणाली. "इथं बोललेलं ऐकू येतं."