आईचे प्लग

आईला क्षय झाला तेव्हा घरातलं एकेक काम तिच्या हातून काढून घेतलं गेलं. स्वयंपाक पहिल्याच दिवशी गेला. मग तांदूळ निवडणं, वाती वळणं, माझी वेणी घालणं. डोंबिवलीच्या आमच्या घराच्या पडवीत तिची खाट टाकली होती. तिचं ताट, वाटी, पेला आत्या रोज वेगळ्या पातेल्यात उकळून काढायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान याच दुखण्यानं गेले होते, त्यामुळे या बाबतीत तिच्यापुढे कुणी बोलत नसे. मी पडवीचा उंबरठा ओलांडायचा नाही, हाही तिचाच नियम. मी तो पाळत होते.

बाबांची एक पिकअप गाडी होती. दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान विकायला निघालं, तेव्हा घेतलेली. तिच्यातून ते कल्याणहून विटा आणि कौलं आणून नव्या बांधकामांवर पोचवायचे. आणि आठवड्यातून एकदा मागं गादी घालून आईला ठाण्याच्या इस्पितळात न्यायचे, दुखऱ्या फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत सुईनं हवा भरून घ्यायला. स्टेशनचा पूल चढणं तिला जमत नव्हतं. गाडी जुनी होती, तेल खायची, इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग सारखे काळे पडायचे. दर रविवारी बाबा चारही प्लग काढून, पेट्रोल लावून पायरीवर घासत बसत.

अशाच एका रविवारी आई खाटेवरून म्हणाली, "अहो, ते इकडे द्या ना. ह्यात कुणी जेवत नाही."

बाबांनी क्षणभर स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि प्लग तिच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवले.

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. ठाण्याच्या शाळेत इंग्रजी शिकणारी घरात मीच, म्हणून ते वाचायचं काम माझं. मी उंबरठ्याशी उभी राहून वाचायची आणि अडखळत मराठीत सांगायची. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओलं, तेलकट असेल तर आत तेल चढतंय. चिनी मातीचा भाग खरवडायचा नाही. घासून झाल्यावर आत ओल राहता कामा नये. वर्गात मला उभं केलं की तोंडातून शब्द फुटत नसे. आईपुढे मात्र मी पानंच्या पानं बोलत होते. प्लगखेरीज आमच्यात दुसरं बोलणं मात्र फारसं होत नसे. कसं वाटतंय, असं मी तिला कधी विचारलं नाही. तीही सांगत नसे.

थोड्याच रविवारांत तिला ते चारही ओळखता यायला लागले.

"हा तिसरा बघ," ती म्हणायची. "परीक्षेला बसल्यासारखा घामाघूम. नेहमीचाच."

बाबा बाहेरून विचारायचे, "काय मिस्त्रीणबाई, गाडी निघेल ना?"

"निघेल. पण तिसऱ्याच्या भरवशावर घाट चढू नका."

"बायकोच्या नाकात पेट्रोल, आणि नवऱ्याला विनोद सुचतायत," आत्या आतून म्हणायची. पण तिनं ते बंद केलं नाही. आई हसायची, मग खोकायची. बाबा तिच्या हातून प्लग घेऊन तसेच गाडीत बसवायचे. तिच्या हातची तेवढी एकच वस्तू या घरात न धुता वापरली जात होती.

त्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची तर पान्यांबरोबर प्लगही पाटावर ठेवा, असं आईनंच सुचवलं. "गाडी काही देवघरात येत नाही. तेवढं तरी येऊ दे." तिनं सकाळभर बसून ते घासले, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसले. संध्याकाळी पाटावर ते इतके लखलखीत दिसत होते की मला आश्चर्य वाटलं. हळदकुंकू वाहिलं. रात्री बाबांनी ते परत बसवले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याला जायचं होतं. गादी घातली, आईला शाल गुंडाळून बसवलं. गाडी चालू होईना. बाबांनी हँडल मारमारून पाहिलं. इंजिन एकदा फुरफुरलं आणि गप्प झालं. शेवटी त्यांनी आईला उचलून परत खाटेवर आणलं आणि प्लग काढले.

"अगं, ह्यात पाणी कसं गेलं?" ते प्लग घेऊन तिच्यापाशी आले. त्यांच्या मनात काही नव्हतं, खरोखरच विचारत होते. "आणि ही राख कसली?"

आईनं एक प्लग उजेडाकडे धरला. नखानं आतला पांढरा थर काढला. मग तो नाकाशी नेला.

"चिंच," ती म्हणाली.

 मग आत्या पडवीच्या दाराशी आली. ओले हात पदराला पुसत होती.

"मीच उकळले," ती म्हणाली. "मग चिंच न् राख लावून घासले, देवाची भांडी घासते तसे. देवापुढे ठेवायचे होते रे. तसेच कसे ठेवणार?"

"अक्का, मला विचारायचंस तरी."

"काय विचारायचं? लोखंडच ना ते? मला काय माहीत ते पाण्यानं बिघडतात?" आणि आत्या रडायला लागली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "इस्पितळ चुकलं ना तिचं माझ्यामुळे?"

"वन्सं, रडू नका," आई म्हणाली. "चुकलं नाही तुमचं. पोर आहे घरात."

हातातला प्लग तिनं वर्तमानपत्रावर ठेवला. बाबांनी तो घ्यायला हात पुढे केला होता, तरी त्यांच्या हातात दिला नाही.

बाबांनी ते शेगडीवर वाळवले, आणि दुपारनंतर गाडी चालू झाली. ठाण्याला पोचेपर्यंत डॉक्टर निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

पुढच्या रविवारी बाबांनी नेहमीसारखे प्लग तिच्यापाशी आणले. "आज नको, दमलेय," ती म्हणाली. त्यानंतरच्या रविवारीही तेच. मग बाबा पुन्हा पायरीवर बसून घासायला लागले. आत्या एकदा स्वतःहून म्हणाली, "दे ना रे तिला, तिला आवडतं." बाबांनी मान खाली घालून घासणं चालू ठेवलं.

दिवाळीनंतर तिला आरोग्यधामात न्यायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी बाबा पायरीवर होते. मी त्यांच्या पुढ्यातला तिसरा प्लग उचलला आणि उंबरठा ओलांडून तिच्या खाटेपाशी गेले. आत्यानं मला पाहिलं. पण अडवलं नाही.

"हा कसा आहे?" मी विचारलं आणि तो तिच्यापुढे धरला.

आईनं मान जरा पुढे केली. बराच वेळ पाहत राहिली. तिचे हात पांघरुणातून बाहेर आले नाहीत.

"ओला आहे," ती म्हणाली. "बाबांना सांग. आणि तू आधी हात धुऊन ये."