मिटवामिटवीची शाल

"त्यांना ताल कळत नाही हो. हात आपोआप चालतात. क्वार्टर दाखवली की दिवसभर वाजवतील. त्या गोंगाटातून संगीत काढलं ते मी."

हे निनाद म्हणाला. आमच्या खेळाचा संगीतकार. रविवारी सकाळी, एका यूट्यूब चॅनेलच्या थेट मुलाखतीत, हसत हसत. मुलाखत घेणाराही हसला. खाली लोकांनी हसरे चेहरे टाकले. मिरजेच्या आमच्या खोलीत मी आणि संग्राम मोबाइल बाटलीला टेकवून बघत होतो. त्याला विचारलं होतं काय, तर खेळातली हलगी एवढी जिवंत कशी वाजते.

ती हलगी माझ्या बापानं, आबांनी, वाजवली होती. माझा बाप दारू पीत नाही. कधीच प्यायला नाही.

संग्रामनं आवाज कमी केला. म्हणाला, "लाइव्हमदी तोंड सुटतंय गं माणसाचं." माझ्या हातात पोह्यांची बशी होती, ती खाली ठेवली. बोलला तो, आणि लाज मला वाटत होती. हे आमचं जुनं दुखणं आहे.

आम्ही तिघं मिळून कुस्तीचा खेळ बनवत होतो, मोबाइलवर खेळायचा. कोडिंग माझं, चित्रं संग्रामची, संगीत निनादचं. संग्राम पलूसकडचा, घरचा ऊस, चुलते फौजेतून सुभेदार होऊन आलेले. निनाद वाईचा, घरात तीन पिढ्यांचं गाणं. मी मातंग. खेळाची सगळी गंमत हलगीत होती. तिचा ठेका धरून बोट दाबलं की डाव बसतो, ठेका चुकला की पाठ टेकते. मैदानात हलगी थांबली की कुस्त्या थंड पडतात, हे आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक आहे.

हलगी ध्वनिमुद्रित करायला निनाद आमच्या घरी आला होता, वाईहून गाडी घेऊन. आबांनी पाचट पेटवून हलगी शेकली. "तापू द्या, मग बोलंल ती," म्हणाले. चार तास वाजवलं, मुद्रण माझ्या लॅपटॉपवर. निनाद डोळे मिटून "वा काका, वा" करत होता. आईनं चहा केला, तर त्यानं हात जोडले. "चहानं मला पित्त होतं." पाणी त्याच्या बाटलीतलं. जाताना स्टँडवरच्या टपरीला गाडी थांबवून त्यानं दोन कप चहा प्यायला. मी त्याच गाडीत होते. पित्त कुठं गेलं, हे विचारायची हिंमत तेव्हा झाली नाही.

दुपारपर्यंत मुलाखतीचा तेवढाच तुकडा सगळीकडं फिरला. खेळाच्या पानाखाली आमचीच माणसं विचारायला लागली, हे तुम्हाला मान्य आहे का. खेळ बाहेर पडायला बारा दिवस उरले होते. अडीच वर्षांचं काम. मोठ्या कंपनीत असल्या वेळी निवेदनं लिहायला माणसं असतात. आमच्याकडं माणसं तीन, आणि त्यातला एक तो.

मग शहाण्यांचे फोन. पुण्यात खेळ बनवणारे माझे दोस्त. गप्प बस, दोन दिवसांत लोक विसरतात. कला वेगळी, माणूस वेगळा. नाव त्याचं जातंय, तुझं काय जातंय. एकानं तर मसुदाच पाठवला, 'आम्ही सर्व समाजांचा आदर करतो.' काय झालं, कुणी केलं, त्यात काहीच नाही. गणपतीच्या फ्लेक्सवरसुद्धा यापेक्षा जास्त मजकूर असतो. या लोकांना मी इतकी वर्षं हुशार समजत होते.

संध्याकाळी निनादचा फोन आला. "तुझ्या बाबांबद्दल नव्हतं ते. ते अपवाद आहेत. मी सर्वसाधारण बोललो."

"त्याच चॅनेलवर जाऊन माफी माग."

"कुणाची? मी कुणाची जात काढली का?"

काढली नाही, खरं आहे. यांना काढावी लागत नाही. हलगी म्हटलं, क्वार्टर म्हटलं, की ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. त्यावर हसायचं, आणि वर विचारायचं, मी काय बोललो? चोर तो चोर, वर शिरजोर. मी फोन ठेवला.

मग संग्रामनं आमच्या भागातली रीत काढली. मिटवून घ्यायचं. "अण्णांशी बोललोय. शुक्रवारी तुमच्या गावात, देवळाच्या सभामंडपात. निनाद आबांना शाल-नारळ दील, फोटू टाकू, विषय खलास." अण्णा म्हणजे ते सुभेदार चुलते. या सगळ्यात माफी हा शब्द कुठंच नव्हता. तसं म्हटलं तर संग्राम म्हणाला, "शाल म्हंजे माफीच की गं. समजून घ्यायचं असतंय." हे समजून घ्यायचं काम दरवेळी आमच्याच वाट्याला का येतं, ते त्यानं सांगितलं नाही.

ती शाल मला माहीत होती. मी सातवीत होते. गावच्या मैदानात एका पुढाऱ्याचा पैलवान पडला आणि आबांनी जिंकणाऱ्यासाठी हलगी वाजवली. वाजवतातच. जो जिंकेल त्याच्यासाठी वाजवतात. पुढाऱ्यानं भर मैदानात त्यांच्या कानाखाली मारली. तिसऱ्या दिवशी शाल, नारळ, फोटो. फोटोत पुढाऱ्याचा हात आबांच्या खांद्यावर. तो फोटो अजून तालमीत आहे, खाली लिहिलंय, 'कलावंताचा सन्मान'. मारतानाचा फोटो कुणी काढला नव्हता. आईनं ती शाल शेळीच्या करडाखाली अंथरली.

गुरुवारी गावी गेले. आबांना कसं सांगावं याचा एसटीत विचार करत होते, पण तो तुकडा त्यांच्या मोबाइलवर आधीच येऊन पडला होता. ते म्हणाले, "मी पीत न्हाई, तुला ठावं हाय. मग तू का न्हाई बोललीस?"

 मग त्यांनी विचारलं, "खेळात माझं नाव कुटं हाय, दाव."

मी दाखवलं. खेळाच्या शेवटी नावांची यादी होती. आम्ही ती लग्नपत्रिकेसारखी लावली होती, मानाची माणसं वर. निनादचं नाव, त्याच्या गुरूंचं नाव. संग्रामचं नाव, माझं नाव. सुभेदार अण्णांचं, 'प्रेरणास्थान' म्हणून. आणि सगळ्यात खाली, 'हलगी: लोककलावंत'. बस्स. ही ओळ निनादनं लिहिली नव्हती, संग्रामनंही नव्हती. मी लिहिली होती. माझं आणि आबांचं आडनाव शेजारी दिसलं की लोकांना कळेल मी कुणाची, म्हणून. निनादचा राग करत चार दिवस फिरत होते, आणि बापाचं नाव खाल्लं होतं मी. मला माझीच शिसारी आली. आबांनी ती ओळ वाचली आणि मोबाइल परत दिला.

शुक्रवारी सभामंडपात पाच-सहा खुर्च्या मांडल्या होत्या. आबांसाठी नव्हती. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. अण्णा आबांपेक्षा लहान, तरी म्हणाले, "ये रं, हितं हुबा ऱ्हा." निनाद पिशवीतून शाल काढत होता. फोटोवाला तयार.

मी म्हणाले, "थांबा. मुलाखतीत जे बोललास ते इथं परत बोल. आबांकडं बघून. मग शाल."

"हा काय बालिशपणा आहे?" निनाद म्हणाला.

"क्वार्टर दाखवली की. पुढचं म्हण."

तो शालीची घडी नीट करायला लागला. कॅमेऱ्यापुढं चुरूचुरू चालणारी जीभ, चार हातांवर माणूस उभा राहिला तर उचलेना. एवढाच त्याचा दम. याच माणसाचा आवाज चढला की मी अडीच वर्षं गप्प होत आले होते.

अण्णा म्हणाले, "पोरी, मोठ्या माणसांनी मिटवल्यालं मोडू नगंस."

"अण्णा, उद्या कुणी चॅनेलवर म्हणालं की फौजी कॅन्टीनच्या बाटलीसाठी भरती होतात, तर तुम्ही शाल घेऊन फोटो काढाल?"

त्यांचा चेहरा उतरला. "त्ये येगळं."

"आवं, येगळं काय हाय त्यात?" हे आबांनी विचारलं. शांतपणे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या मंडपात प्रश्न विचारला. अण्णा फोटोवाल्याकडं बघायला लागले. आबा पायऱ्या उतरून घराकडं निघाले, आणि शाल निनादच्या हातातच राहिली.

त्याचं संगीत काढणार, असं म्हणून मी निघाले, तसा संग्राम माझ्यामागं आला. "आठ दिसावर खेळ आलाय. त्याचं संगीत काढलंस तर खेळ मरंल."

"मरू दे."

"मग माझी चित्रंबी न्हाईत."

"ने." मी म्हणाले. अडीच वर्षं त्याच्या शेजारी बसून काम केलं होतं.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. निनादबरोबर आम्ही कराराचा कागद केलाच नव्हता, आपल्यातल्या माणसाशी कागद कसला म्हणून. पण आबांची हलगी मी मुद्रित केली होती, ती माझ्याकडं होती. त्याचे सगळे सूर काढले. खेळ बाहेर पडायची तारीख रद्द केली. खेळाच्या पानावर लिहिलं: "आमचा संगीतकार निनाद यानं हलगी वाजवणाऱ्यांचा जाहीर अपमान केला. त्यानं माफी मागितलेली नाही. त्याचं संगीत काढून टाकलं आहे. हलगी माझ्या वडिलांनी वाजवली आहे. ते दारू पीत नाहीत. पीत असते तरी हे बोलायचा त्याला अधिकार नव्हता." खाली आबांचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव, आडनावासकट. दोस्तांचे फोन बंद झाले. काहींनी लिहिलं, खेळात जात आणली. आणली कुणी, ते त्यांनी ऐकलेलं आहे.

आता पडद्यावर दोन चौकोनी ठोकळे कुस्ती खेळतात. चित्रं मी स्वतः शिकतेय, वर्ष लागेल. पुढं कुणाहीबरोबर काम करताना आधी कागद करणार, आणि त्यात पहिलं कलम हे असणार की जाहीर बोललास तर जाहीर माफी, नाहीतर त्या दिवसापासून तू बाहेर. तो कितीही सुरेल असो, मित्र असो, घराण्याचा असो. खोलीत मिटणार नाही, मंडपात मिटणार नाही. खेळ आला नाही तरी चालेल. त्याच्या नावानं येणार नाही.