मागच्या दाराची काठी

फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभी होते. हातात कपडे वाळत घालायची काठी, काठीच्या टोकाला नातवाची ओली जीन्स आणि मोबाइल खांदा नि कान यांच्यामध्ये दाबलेला. मुलगा हॉस्पिटलातून बोलत होता. "आई, आधी स्टुलावरून खाली उतर," तो म्हणाला. मुलुंडच्या घरात सकाळी या वेळी आपली आई कुठे असते हे त्याला न बघता ठाऊक. "उतरलीस?" "उतरले रे, बोल." उतरले नव्हते. "शालूआत्या गेली गं..." जीन्सचं पाणी माझ्या डोक्यावर टपकत राहिलं. पहिला विचार मनात आला तो असा, की ही काठी वीतभर लांब असती तर या वयात मला स्टुलावर चढावं लागलं नसतं. आणि काठी आखूड केली कोणी? जी आत्ता गेली तिनंच. माणूस गेल्याचं कळल्यावर काय वाटावं याचे काही नियम असतील, तर मी ते मोडले. मला तिचा राग आला. रडू नंतर आलं, जीन्स दोरीवर टाकून झाल्यावर.

महिना होत आला. आता सांगता येईल असं वाटतंय.

शालूताई माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, का ते विचारायची कोणाची छाती नव्हती. विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती, म्हणजे यंत्रांचे नकाशे शाईनं उतरवून काढायचं काम. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, बोलणं फटकळ. मी या घरात सून म्हणून आले ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, दादरहून. 'दादरहून' हे मी अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई विमानातून उतरली. पदवी होती, टायपिंगचं सर्टिफिकेट होतं आणि नाक कायम वर. माहेरी निघाले की शेजारणींना सांगायचे, "मुंबईला जाऊन येते हं." मुलुंड म्हणजे माझ्या लेखी जंगल. आज ती मुलगी समोर आली तर मीच तिच्या दोन ठेवून देईन.

एका शनिवारी शालूताईनं टेम्पोला बांधून एक गाडी आणली. कारखान्यात पूर्वी आलेला कोणी परदेशी इंजिनिअर ती शेडमध्ये टाकून गेला होता, भंगारात निघाली तेव्हा हिनं उचलली. इवलीशी, दोन दारांची, पाठ कापून काढल्यासारखी सरळ. मागे काचेसकट अख्खं दार वर उघडायचं. असल्या गाडीला हॅचबॅक म्हणतात हे मला अलीकडे नातवानं सांगितलं, तेव्हा बिल्डिंगमध्ये तिला 'मागच्या दाराची' म्हणत. तळाची गंजून चाळण झालेली, सीटमध्ये उंदरांचा संसार. आमच्या ह्यांनी तेव्हा नव्या निघालेल्या छोट्या गाडीसाठी नंबर लावला होता आणि मी मैत्रिणींना तिचा रंगसुद्धा सांगून बसले होते. त्याच कंपाउंडात हे ध्यान! मी म्हटलं, "ताई, तुम्हाला फिरायचंच असेल तर टॅक्सी असते की." तिनं टायरला एक लाथ घातली. "काय गं दादरवाली, टॅक्सीत आईचा पाय कुठं ठेवू? तुझ्या मांडीवर?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. पडून त्यांचा उजवा गुडघा मोडला होता आणि बसला तो सरळच बसला. पाय वाकायचाच नाही. रिक्षात बसवून पाहिलं तर पाय बाहेर, हात दाखवून वळावं तसा. टॅक्सीच्या दारातून तर आत शिरताच येईना. त्यांची धाकटी बहीण गोरेगावला. मालवणकडच्या एकाच घरातून दोघी मुंबईत आल्या, एक इकडे पडली, एक तिकडे, मधे पवई आणि आरेची झाडी. आधी मावशी यायची. मग मावशीनंच अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, आणि त्याचा अर्थ दोन्ही घरांना कळला. आई रोज संध्याकाळी विचारायच्या, "गोरेगावचो निरोप काय?" शालूताई खाली मान घालून पत्र्यावर पॉलिश पेपर घासत राहायची. मागचं सीट काढायचं, तिथं गादी घालायची आणि मागच्या दारानं आईंना पाय लांब करून बसवायचं. एवढ्यासाठी ती गाडी होती. मावशी जायच्या आत गाडी चालायला हवी होती.

मग आमच्या घराची जी वाट लागली! माझ्या रुखवतातल्या वाट्यांमध्ये नटबोल्ट रॉकेल पीत बसले. गॅलरीत इंजिनाचे तुकडे वर्तमानपत्रावर मांडलेले, वाळवणासारखे. कुर्ल्याच्या भंगारातून ती भलत्याच गाडीचे पार्ट आणायची आणि कानशीनं घासून घासून बसवायची. रंग कारखान्यातला, मशिनींना लावतात तो हिरवट-राखाडी. आणि मागचं दार वर धरून ठेवणारे दांडे काही मिळेनात, तेव्हा बाईनं आमची कपडे वाळत घालायची काठी घेतली, करवतीनं कापली आणि टोकाला जुन्या स्लिपरचं रबर ठोकलं, रंगावर ओरखडा नको म्हणून. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंच नाही, हे मला जास्त लागलं. तिनं दार उचलायचं, काठी लावायची आणि ओरडायचं, "डोकं सांभाळ गं!" कारण काठी सटकायचीच. ओरडा आधी की दार आधी, यावर माझ्या कपाळाचं टेंगूळ ठरायचं.

दसऱ्याला गोरेगाव, असं ठरलं. आईंना बहिणीला सोनं द्यायचं होतं. खंडेनवमीला शालूताई कारखान्यातल्या मशिनींच्या पूजेला गेली. जाताना गॅलरीत कार्ब्युरेटर उघडा ठेवून गेली, साफ केलेला, फक्त बंद करून बसवायचा. मी देवाची भांडी घासायला काढली होती, समई, तांब्या, निरांजन... आणि माझ्यातल्या आदर्श सुनेनं अचानक उचल खाल्ली. खंडेनवमी म्हणजे हत्यारं उजळायचा दिवस. मी त्या कार्ब्युरेटरला चिंचेचा कोळ चोळला, वरून बारीक रांगोळीनं घासला. त्यातली पितळेची चिमुकली बोंडं अशी चमकली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. संध्याकाळी ती दमून आली. मी म्हटलं, "ताई, तुमचं ते पुसून ठेवलंय हं." ती म्हणाली, "अरे वा!" आणि गॅलरीतल्या अंधारातच फूल काढून, झाकण लावून तसाच बसवून टाकला.

दसऱ्याच्या सकाळी आई नवं लुगडं नेसून, मांडीवर आपट्याची पानं घेऊन मागच्या गादीवर बसल्या. पाय लांब, पाठ ड्रायव्हरकडे, तोंड मागच्या काचेकडे. बिल्डिंग गोळा झालेली. शालूताईनं नारळ फोडला आणि सेल्फ मारला. खर्रर्र... पुन्हा खर्रर्र. मग धक्का. ढकलणाऱ्यांचे चेहरे आणि आईंचा चेहरा समोरासमोर, मध्ये एक काच. आई आतून गर्जत होत्या, "मेल्यांनू, जोर लावा! न्याहारी करूक नाय काय?" गाडी फाटकापर्यंत गेली आणि बसली ती बसलीच. लोक पांगले. मग आई अगदी हळू म्हणाल्या, "रवांदे गो शालू. पुढच्या दसऱ्याक जाऊया." पुढचा दसरा मावशीला नव्हता. हे म्हणणाऱ्या बाईला ते आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

शालूताईनं फाटकातच कार्ब्युरेटर उतरवला, उघडला आणि बघतच राहिली. मग दोन बोटांनी एक तांबूस दोरा बाहेर ओढला, नाकाशी नेला. "चिंच?" बाकीच्यांनी माझ्याकडे पाहायच्या आत मी रडायला लागले होते. पोटातून कुंकवाचा गारा निघाला, तांदळाचे दाणे निघाले. मला वाटलं, आता ही मला टायरखाली घेते. ती फाटकाच्या कट्ट्यावर बसली आणि हसायला लागली... डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगं ए दादरवाली, ओटीच भरलीस की याची!" मग पदर खोचून कामाला लागली. सगळं पेट्रोलनं धुऊन निघालं, पण त्या पितळी बोंडांची भोकं रांगोळीनं बुजलेली. केसाएवढी भोकं, पेट्रोल जायचं ते त्यांतूनच. तार जाईना, फुंकून निघेना, गॅरेजं दसऱ्याची बंद. मी नाक पुसत म्हटलं, "ताई... स्टोव्हची पिन चालेल का?"

आमच्याकडे गॅस होता, पण आईंच्या आंघोळीचं पाणी रॉकेलच्या स्टोव्हवर तापायचं. स्टोव्ह फुरफुरायला लागला की त्याचं भोक पिन घालून मोकळं करायचं, हे काम माझं. त्यात मात्र माझा हात कोणी धरला नसता. मी पळत जाऊन पिन आणली. शालूताईनं बोंड माझ्याच हातात दिलं. "तू कर. आणि ते तुम्ही-बिम्ही सोड आता." एकेक भोक मोकळं करून मी ते उजेडाकडे धरायचे, पलीकडचं आभाळ दिसलं की तिच्या हातात द्यायचे. पुढं एक जाणकार म्हणाला, पिनेनं भोकं मोठी होतात, म्हणूनच तुमची गाडी एवढं पेट्रोल पिते. पिऊ दे. त्या दुपारी ती खाकरली, थुंकली आणि सुरू झाली.

आरेच्या रस्त्यानं जाताना आई मागून बातम्या देत होत्या. "माका मागचा सगळा दिसता गो! एक म्हस येता पाठसून!" मावशीची खोली बैठ्या चाळीत होती. तिची खाट लोकांनी उंबऱ्याशी आणून ठेवलेली. शालूताईनं गाडी उलटी घेतली, दाराकडे पाठ करून. मी उतरून मागचं दार उचललं, काठी लावली आणि दोघी बहिणी समोरासमोर आल्या, एक खाटेवर, एक गादीवर. मावशीनं गाडी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग मावशी खोल आवाजात म्हणाली, "अगो, ह्यो कसलो रंग? हॉस्पिटलाच्या भिंतीचो!" आई म्हणाल्या, "गप ऱ्हव. तुझ्या लुगड्यापेक्षा बरो आसा." त्यांनी आपट्याची पानं पुढं केली. हात पोचेना, थोडंसं राहिलं. पुढं वाकायला आईंना जमेना, मावशीला उठता येईना. शालूताईनं हँडब्रेक सोडला आणि पुढून गाडी हातानं मागे लोटली, बाळाचा पाळणा लोटावा तशी हळूच. त्या हिसक्यानं काठी सटकली. शालूताई पुढून ओरडली, "डोकं सांभाळ!" मी दोन्ही हातांनी आणि डोक्यानं दार वर धरलं आणि त्या दोघींचं बोलणं होईपर्यंत तशीच उभी राहिले. एकमेकींचे हात धरून त्या कुठल्याशा फणसाच्या झाडाबद्दल भांडत होत्या. ते कोणाच्या वाट्याचं, ते काही ठरलं नाही.

मावशी दिवाळीच्या आत गेली. गाडी पुढं बरीच वर्षं धावली, आई असेपर्यंत आईंना घेऊन. त्यानंतर शालूताईनं शेजारच्या बिल्डिंगमध्ये खोली घेतली आणि गाडी शेवटी होती तिथं, भंगारात गेली. काठी आमच्याकडे परत आली. "घे तुझी," म्हणाली, जसं काही पूर्ण परत देत होती.

फोन आला त्या दिवशी दुपारी तिला घरी आणलं, मग स्मशानात न्यायची गाडी आली. तिचंही दार वर उघडणारं, आणि वर राहीना, सारखं खाली यायचं. ड्रायव्हर ते डोक्यानं धरून उभा राहिला, बिचारा अवघडला. मी घरात गेले, काठी घेऊन आले. ती नीट बसली नाही, थोडी तिरकी लावावी लागली, पण रबराचं टोक बरोबर कडेला अडकलं. मुलांनी शालूताईला उचललं. आणि माझ्याच तोंडून निघालं, नेहमीच्या खणखणीत आवाजात, "डोकं सांभाळ गं, ताई!"

मग मी काठी काढून घेतली आणि दार लागलं.

मुलानं वर-खाली होणारी दोरी बसवून द्यायची ठरवली आहे, चाकाची, स्टुलाशिवाय चालणारी. मी म्हटलं, बघू. काठी दाराआड उभी आहे. आज धुणं जास्त होतं, दोनदा चढले.