माझ्या घाण्याची यशोगाथा

माझ्याकडे तेलाचा लाकडी घाणा नाही. कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण जिल्ह्यातल्या बऱ्याच बायकांना तो आहे असं वाटतं, आणि त्यांचा तसा समज करून देणारी मीच आहे.

घाणा मला हवा होता हे मात्र शंभर टक्के खरं. आमच्या रिठदला आता घरोघरी पिशवीतलं सोयाबीनचं तेल. करडई पेरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही ती पोत्यानं विकून मोकळे होतात. मला वाटायचं, गावात मोटरवरचा एक घाणा बसवावा, लोकांची करडई-जवस गाळून द्यावी, उरलेलं तेल वाशिमच्या बाजारात न्यावं. गोठ्याला लागून एक खोली रिकामी होती. मी ती मनातल्या मनात इतक्या वेळा झाडून काढली होती की विचारू नका.

कुणीतरी सांगितलं, आधी उद्योजकतेचं प्रशिक्षण घे, म्हणजे बँकेचं कर्ज मिळतं, त्यात अनुदान असतं आणि पुढं वर्षभर मार्गदर्शनही मिळतं. मी वाशिमच्या एका संस्थेत दहा दिवस गेले. शिकवणारे सर गोड बोलायचे. त्यांनी आयुष्यात खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा विकली नसेल, पण बाजारपेठेवर दोन तास बोलायचे. आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. प्रकल्प अहवाल, मशीनचं कोटेशन, ग्रामपंचायतीची ना-हरकत, थ्री-फेजचा अर्ज, जागेचं संमतीपत्र. ही सगळी कागदं मी दीड महिन्यात गोळा केली. तलाठ्याकडे किती खेटे घातले ते माझ्या चपलांना ठाऊक.

आठव्या दिवशी आम्हाला अभ्यास दौऱ्यावर कारंज्याला नेलं. तिथं एका भाईंचा घाणा होता. त्यांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. त्यांनी आम्हा बायकांना खुर्च्या दिल्या आणि तासभर समजावून सांगितलं. करडई ओली असली की घाण्याचा आवाज जड येतो, तेव्हा घाई करायची नाही. पेंड हातात चोळून बघायची, तेल राहिलं का ते तळव्याला कळतं. "बेटा, मशीन तो कोनी बी आनते, कान पायजे," असं म्हणाले. दहा दिवसांत कामाचं एवढंच ऐकलं, आणि ते सांगणाऱ्याला संस्थेनं साधा चहासुद्धा विचारला नाही.

निघताना सर मला म्हणाले, "ताई, घाण्यावर हात ठेवा. जरा हसा." मी हात ठेवला, हसले. फोटोत येऊ नये म्हणून भाई बाजूला सरकले.

दोन महिन्यांनी फाइलची चौकशी करायला संस्थेत गेले तर दारावर मीच. पुरुषभर उंचीचा फ्लेक्स, घाण्यावर हात, आणि खाली लिहिलेलं, 'आमच्या प्रशिक्षणातून घडलेली यशस्वी उद्योजिका'. मी सरांना म्हटलं, "सर, हा घाणा माझा नाही." ते म्हणाले, "होणारच आहे ना, ताई? फाइल बँकेत गेलीय. आपण थोडं आधी लावलं, एवढंच. वरून यशोगाथा मागतात हो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नव्या तुकडीसमोर दोन शब्द बोला. मोठे साहेब असतात. ओळख झाली की फाइल सरकते."

मी गेले. मला कुणी हाताला धरून नेलं नव्हतं. पहिल्या वेळी जीभ अडखळली. तिसऱ्या वेळी मी पहाटे पाचला उठून मोटर कशी चालू करते, तेही सांगितलं. भाईंचं कानाचं वाक्य माझं म्हणून ठोकून दिलं. "दोन डगरींवर पाय ठेवू नका, बायांनो. धंदा करायचा तर उडी घ्या," असं म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. घरी नवरा विचारायचा, "घाना चालू झाला म्हन्ते. आमाले बी दाखवशील का एकडाव?" मी त्याच्यावर चिडायचे, कारण तो बरोबर बोलत असायचा.

मग बँकेतून बोलावणं आलं. मॅनेजर तरुण होता, बाहेरगावचा, अदबीनं बोलणारा. त्यानं माझी फाइल उघडली आणि तिच्याशेजारी संस्थेची रंगीत पुस्तिका ठेवली. ती सगळ्या बँकांना पाठवलेली होती. चौथ्या पानावर मी हसत होते.

"ताई, ही योजना फक्त नवीन उद्योगासाठी आहे. तुमचा तर चालू आहे."

"नाही साहेब. तो कारंज्याच्या एका भाईंचा आहे. माझा नाही."

"मग हे छापलेलं खोटं आहे का? तसं संस्थेकडून लिहून आणा. मी लगेच पुढं पाठवतो."

तो चुकीचं काही म्हणत नव्हता. मी तशीच संस्थेत गेले. सरांनी पंखा माझ्याकडे फिरवला, चहा मागवला. पत्राचं ऐकल्यावर म्हणाले, "असं मी कसं लिहून देऊ? माझी नोकरी जाईल. आणि तुम्ही स्वतः तीनदा माइकवर सांगितलंय. व्हिडिओ आहेत आपल्याकडं." त्यांनी धमकी दिली नाही. उलट फार वाईट वाटल्यासारखा चेहरा केला, आणि मला त्या चेहऱ्याची चीड आली. चहा तसाच ठेवून मी उठले. पंधरा दिवसांनी फाइल परत आली. वर शेरा होता, 'घटक आधीपासून कार्यरत'.

त्या दिवशी मी रडले नाही, पण स्वतःला खूप शिव्या दिल्या. सरांचं एक खोटं होतं. उरलेली सगळी मी हौसेनं बोलले होते.

पुढं उन्हाळ्यात एक दिवस भर दुपारी दारात एक बाई आली. किन्हीराजाहून दोन एसट्या बदलून आली होती. चेहरा घामेजलेला, काखेत पिशवी, पिशवीत चार-पाच किलो करडई. मी तिला ओळखलं नाही. तिनं मला लगेच ओळखलं.

"ताई, मी तुमच्या भाषनाले व्हती. तिसऱ्या रांगेत. तुमचा घाना पायाले आली. अन् हे करडई बी आनली, म्हनलं गाळून बी होईन अन् शिकून बी होईन."

मी तिला पाणी दिलं. पाणी पिता पिता ती सांगत होती. शाळेत खिचडी शिजवायचं काम होतं तिच्याकडे, बारा वर्षांपासून. ते सोडलं. "तुमीच म्हनलं व्हतं ना, उडी घ्या. तर म्या घेतली." तिच्या जागी दुसरी बाई लागलीसुद्धा. आता तिच्या फाइलला फक्त एक कागद कमी होता. चालू उद्योग असलेल्या मार्गदर्शकाची सही. तिनं तो पिशवीतून काढला, मांडीवर सरळ केला आणि माझ्यापुढे धरला.

सही करणं सोपं होतं. माझी फाइल तर मेलीच होती. पण उद्या त्या मॅनेजरनं मला विचारलं असतं, घाणा दाखवा, तर हिचाही अर्ज माझ्याबरोबर बुडाला असता. आणि खरं सांगायचं तर मला आणखी एकदा घाणेवाली व्हायचा वीट आला होता. मी तिच्यासमोर बसले आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. घाणा नाही. फोटो दुसऱ्याच्या घाण्यावरचा. भाषण बनवलेलं. तू कारंज्याला त्या भाईंकडे जा, ते तुला शिकवतील, सहीही देतील. मी पत्ता लिहून दिला. गोठ्याजवळची खोली उघडून दाखवली. आत कडबा होता.

तिनं खोलीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पत्त्याचा कागद तिनं ओसरीवरच ठेवला. सहीचा कागद घडी करून पिशवीत घातला, करडईवर.

"तुमच्या बाजूले दुसरा घाना नको, हे समजलं मले," ती म्हणाली. "दाखवायचा नसन तं नका दाखवू, ताई. पन इतकं खोटं कायले बोलता?"