पोचल्याची वेळ

टेंभेकाका निरोप देताना कधी "सावकाश जा" म्हणायचे नाहीत. ते दारापर्यंत यायचे, मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि विचारायचे, "कुठे, कोणत्या रस्त्याने, गाडीत किती जण?" उत्तर शर्टाच्या खिशातल्या लांबट वहीत लिहायचे. मग म्हणायचे, "पोचलास की कळव. पोचल्यावर, बरं का. पोचता पोचता नाही."

काका मागच्या वर्षी वारले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागणार, म्हणून इतके दिवस टाळत होतो.

आम्ही अमेरिकेत रेडमंडला राहतो. शेजारच्याच कॉम्प्लेक्समध्ये काका त्यांच्या मुलीकडे राहायचे. भारतात त्यांनी एकतीस वर्षं सरकारी वेधशाळेत निरीक्षक म्हणून काढली होती. पांढऱ्या लाकडी पेटीतला तापमापक ठरलेल्या मिनिटाला वाचायचा, पाऊस मोजायचा, नोंदवही भरायची, हे काम. इथे आल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी आम्हाला धरलं. कोणी घाट ओलांडून डोंगरापलीकडे जाणार असो, समुद्रावर जाणार असो की सुट्टीत ॲरिझोनाच्या वाळवंटात गाडी चालवणार असो, त्याची नोंद काकांच्या वहीत व्हायची. फेब्रुवारी आणि मार्च हे त्यांचे खास महिने. "डिसेंबरात माणूस घाबरून गाडी चालवतो," ते म्हणायचे. "फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडलं की त्याला वाटतं, संपला हिवाळा. माणसं त्या वाटण्यात मरतात."

एका फेब्रुवारीत आम्ही चार कुटुंबं पॅसिफिकच्या किनाऱ्यावर गेलो होतो. त्या दिवशीच्या प्रत्येक ग्रुप फोटोत काकांचं फक्त टक्कल दिसतं. "काका, इकडे बघा ना," माझी बायको अश्विनी ओरडली, तर ते म्हणाले, "तुम्ही सगळे समुद्राकडे पाठ करून उभे आहात. एकाने तरी तिकडे बघायला नको?" आम्ही हसलो. दहा मिनिटांनी एक लाट आली. आधीच्या सगळ्या लाटांच्या दुप्पट पुढे आली आणि वाळूवर पडलेला झाडाचा आख्खा ओंडका तिने काडीसारखा उचलला. त्या ओंडक्यावर माझी नऊ वर्षांची ईशा बसली होती. पण लाट पोचायच्या आधीच काकांनी तिला दंडाला धरून वर ओढत नेलं होतं. तिच्या दंडावर त्यांची बोटं उमटली होती. घरी येताना ते एवढंच म्हणाले, "दुखलं असेल पोरीला. बर्फ लाव."

एवढं होऊनही मला त्यांच्या वहीचा कंटाळाच यायचा, हे कबूल केलं पाहिजे. 'साधारण दहा वाजता' असं लिहिलं की लगेच त्यांचं उत्तर यायचं, "साधारण म्हणजे किती?" ईशा मोठी झाली तशी म्हणायला लागली, "बाबा, ही इज लिटरली ट्रॅकिंग अस." मी एकदा काकांना म्हटलंही, "काका, फोनवर सगळा फोरकास्ट असतो हो." ते चिडले नाहीत. म्हणाले, "असू दे की. अंदाज वेगळा, निरीक्षण वेगळं. अंदाज चुकला तर ढगांना बोल लावता येतो. निरीक्षण चुकलं तर ते लिहिणाऱ्या माणसाचं चुकलं."

चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी, आम्ही घाटापलीकडे केबिन घेतली होती. माझ्या टीममधला हर्षद आणि त्याची बायको तन्वी आमच्या मागून येणार होते. दोघं पुण्याहून नुकतीच आलेली, गाडी भाड्याची, बर्फात टायरला लावायच्या चेन त्यांच्याकडे नव्हत्या. काकांनी त्यांना माझं नाव घेऊन बजावलं होतं, "मिलिंद पलीकडे पोचू दे. तो रस्ता कोरडा आहे म्हणाला तर निघा, नाहीतर घरी बसा." रस्त्याची सरकारी वेबसाइट काका बघायचेच. पण त्या रस्त्यावरून नुकत्याच गेलेल्या माणसाचा शब्द त्यांना त्याहून पक्का वाटायचा. आणि हे सगळं त्यांनी मला फोन करून सांगितलंही होतं. मी अर्धवट ऐकलं.

घाटाच्या अलीकडच्या गावात आम्ही नाश्त्याला थांबलो आणि तिथेच रमलो. काकांचा एक फोन येऊन गेला होता, दुसरा आला. पुढे घाटात रेंज जाणार, मग हे काळजी करत बसणार, असा विचार करून मी कॉफीच्या रांगेत उभ्या उभ्या मेसेज टाकला : "पोचलो काका. रस्ता मस्त." वेळ नऊ चाळीस.

घाटात शिरलो आणि अर्ध्या तासात काच पांढरी झाली. चेन माझ्याकडे होत्या, काकांनीच घ्यायला लावलेल्या. रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून मी त्या चढवत होतो, तेव्हा हर्षद आणि तन्वी माझ्या मागे काही मैलांवर होते. मी पलीकडे पोचलो बारा वीसला. रेंज आली आणि हर्षदचा जुना मेसेज दिसला, "निघालोय. काका म्हणाले रोड क्लिअर आहे."

त्यांची गाडी घसरून कठड्यावर आदळली होती. हर्षदला फारसं लागलं नाही. तन्वीच्या उजव्या कोपराची दोन ऑपरेशनं झाली. तो हात अजून पूर्ण सरळ होत नाही.

चार दिवसांनी काकांनी मला बोलावलं. वही उघडी होती. "तू गेलास तेव्हा रस्ता कोरडा होता?"

"हो, काका."

"वेळ नऊ चाळीस?"

"हो."

त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. "म्हणजे तासाभरात सगळं फिरलं. वारा पश्चिमेचा होता, मी सकाळी पाहिलं होतं. मला कळायला हवं होतं रे." एवढं बोलून त्यांनी वही मिटली.

घरी अश्विनीने विचारलं, "सांगितलंस का त्यांना?" मी म्हटलं, सांगेन. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "यापुढे ऑफिशियल साइट बघूनच निघूया यार. काकांचं वय झालंय, त्यांना कशाला त्रास?" सगळ्यांनी अंगठे टाकले. मीही टाकला.

त्यानंतर काकांकडून निघताना ते दारापर्यंत यायचे आणि म्हणायचे, "सावकाश जा." घड्याळाकडे बघायचे नाहीत. सहा महिन्यांनी ते मुलाकडे ॲरिझोनात चँडलरला राहायला गेले.

मागच्याच्या मागच्या वर्षी, मार्चच्या सुरुवातीला, ऑफिसच्या कामासाठी मी चँडलरला गेलो. दुपारी काकांना भेटायला गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, वाळले होते, एका कानाने ऐकू येत नव्हतं. वारा सुटला होता आणि दक्षिणेकडचं आकाश मातकट दिसत होतं. त्यांनी चहा विचारायच्या आधी मला वाळवंटाचा नियम सांगितला. "धूळ उठली तर रस्ता सोडून पार बाजूला जायचं, हँडब्रेक लावायचा आणि दिवे बंद करायचे. ब्रेकवरून पायसुद्धा काढायचा."

"दिवे बंद? उलट नको का, काका?"

"धुळीत मागच्याला रस्ता दिसत नाही. त्याला तुझे लाल दिवे दिसतात. तो समजतो तू रस्त्यावर आहेस, आणि तुझ्या भरवशावर येऊन आदळतो."

हे ऐकल्यावर मला चहा घेववेना. मी त्यांना सगळं सांगितलं. कॉफीची रांग, नऊ चाळीस, आणि चार दिवसांनी समोर बसून बोललेलं दुसरं खोटंही. नीट ऐकू जावं म्हणून ते मला मोठ्याने सांगावं लागलं.

काका खुर्चीतून उठले. मग आत गेले आणि ती जुनी वही घेऊन आले. पान काढलं. "खरी वेळ?"

"बारा वीस."

"रस्ता?"

"बर्फ. चेन लावून."

त्यांनी नऊ चाळीसवर एकच सरळ रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी खरी वेळ लिहिली, सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "तूही कर. खोडरबर चालत नाही यात." मी सही केली.

"काका, मला माफ..."

"दोन वर्षं मी त्या वाऱ्याचा विचार करतोय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "रोज सकाळी. तन्वीला सांगितलंस?"

"नाही."

"मग उलट्या क्रमाने आलास. वही माझी आहे. हात तिचा आहे."

मी उठलो. ते दारापर्यंत आले. मला वाटलं, आता सावकाश जा म्हणतील. त्यांनी मनगट वर केलं. "कुठे, कोणत्या रस्त्याने?" मी हॉटेलचं नाव सांगितलं. त्यांनी वहीचं कोरं पान काढून लिहिलं, निघाला चार दहा. पुढची जागा मोकळी सोडली.

वाटेत धूळ आली. मी बाजूला जाऊन दिवे बंद केले, पाय उचलला आणि वीस मिनिटं काहीही न दिसणाऱ्या काचेसमोर बसून राहिलो. हॉटेलच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर इंजिन बंद केलं आणि तन्वीला फोन लावला. मी सगळं सांगेपर्यंत तिने मला मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "काकांना सांगितलंत?"

"हो. आत्ताच."

"ते किती दिवस मला सॉरी म्हणत होते, माहितीये तुम्हाला? दर रविवारी फोन करायचे." मग ती म्हणाली, "मिलिंददादा, मला काही दिवस फोन करू नका."

फोन तिने पुन्हा कधी केला नाही, मीही केला नाही.

मग मी काकांना मेसेज लिहिला : "पोचलो, पाच पाच. वाटेत धूळ, वीस मिनिटं थांबलो. तन्वीला सांगितलं, पाच वीस." दोनदा वाचून पाठवला.

त्यांचं उत्तर लगेच आलं. "नोंद केली."